साखळदंडांचा जयजयकार : स्पेनमधील घटनात्मक राजवटीची तीन वर्षे (१८२०–१८२३) #थ्रेड

१/ ९ मार्च १८२०. स्पेनचा राजा सातवा फर्नांदो याने माद्रिदमध्ये राज्यघटना पाळण्याची शपथ घेतली आणि शहरभर जल्लोष झाला. साडेतीन वर्षांनी, १ ऑक्टोबर १८२३ रोजी, याच राजाने तीच घटना एका फर्मानाने धुळीस मिळवली. जल्लोष तेव्हाही झाला. राजनिष्ठ जमावांच्या तोंडी असलेली त्या काळची एक घोषणा स्पेनच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे : 'साखळदंड चिरायू होवोत!'

२/ नागरिकत्व देणाऱ्या घटनेकडे सामान्य माणसाने पाठ का फिरवावी? राजाचा विश्वासघात हे या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे शोधायचे तर राजवाड्यातून बाहेर पडून शेतात, करवसुलीत आणि मठांच्या जमिनींच्या लिलावात डोकवावे लागते. या धाग्यात दोन्हींचा मागोवा आहे.

३/ कथेची सुरुवात १८०८ मध्ये होते. नेपोलियनने स्पेनचा राजा चौथा कार्लोस आणि त्याचा मुलगा फर्नांदो या दोघांनाही फ्रान्समधील बायोन येथे बोलावून त्यांच्याकडून सिंहासनाचा त्याग वदवून घेतला आणि आपला भाऊ जोसेफ याला स्पेनचा राजा केले. २ मे रोजी माद्रिदची जनता फ्रेंच सैन्यावर तुटून पडली. पुढील सहा वर्षे फर्नांदो फ्रान्समधील वालाँसे येथे एका प्रासादात नजरकैदेत होता. इकडे त्याच्या नावाने खेडोपाडी लोक लढत आणि मरत होते.

४/ राजा नसलेल्या देशात कारभार कोणाच्या अधिकाराने चालवायचा, या पेचातून 'कोर्तेस' म्हणजे प्रतिनिधिसभा भरली. २४ सप्टेंबर १८१० रोजी कादिझजवळच्या इस्ला दे लेओन येथे तिची पहिली बैठक झाली. नंतर सभा कादिझ शहरात हलली. बाहेर फ्रेंचांचा वेढा, समुद्राच्या बाजूला ब्रिटिश आरमाराचा आधार, आणि मधल्या बंदरात अमेरिकेतील वसाहतींच्या प्रतिनिधींसह बसलेली ही सभा, असे ते विलक्षण दृश्य होते.

५/ १९ मार्च १८१२ रोजी या सभेने ३८४ कलमांची राज्यघटना जाहीर केली. तो संत जोसेफचा सण होता. स्पॅनिशमध्ये जोसेफचे, म्हणजे होसेचे लाडके नाव 'पेपे'. म्हणून लोकांनी घटनेचे नाव ठेवले 'ला पेपा'. सार्वभौमत्व राष्ट्राच्या ठायी आहे, कायदे करण्याचा अधिकार राजासह कोर्तेसला आहे, आणि राजाने एखादे विधेयक दोनदा नाकारले तरी तिसऱ्यांदा संमत झाल्यावर ते कायदा होईल, अशी तिची रचना होती.

६/ मर्यादाही तितक्याच ठळक होत्या. कॅथलिक धर्माखेरीज अन्य धर्माला मुभा नव्हती. स्त्रियांना मत नव्हते. आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्वातून जवळजवळ वगळले होते. तरीही त्या काळाच्या मानाने ती अत्यंत पुढारलेली सनद होती. १८१३ मध्ये याच कोर्तेसने धर्मद्रोह्यांना शासन करणारे इन्क्विझिशन रद्द केले.

७/ 'लिबरल' हा शब्द राजकीय पक्षाचे नाव म्हणून प्रथम कादिझमध्ये रूढ झाला. विरोधकांना 'सेर्विल', म्हणजे गुलामवृत्तीचे, म्हटले जाई. गावोगावच्या मुख्य चौकाला 'घटना चौक' असे नाव देऊन तेथे फलक लावावा, असा हुकूम निघाला. त्या फलकांचे पुढे काय झाले, यातच स्पेनच्या पुढील वीस वर्षांचा इतिहास दिसतो.

८/ मार्च १८१४ मध्ये फर्नांदो परतला. ज्याच्यासाठी सहा वर्षे रक्त सांडले, तो राजा प्रत्यक्ष दिसताच लोक वेडावून गेले. कोर्तेसमधील ६९ सदस्यांनी त्याला जुनी राजवट पुन्हा आणण्याची विनंती केली. सेनापती एलिओ याने आपले सैन्य त्याच्या पाठीशी उभे केले. ४ मे रोजी वालेन्सिया येथून राजाने फर्मान काढले : घटना आणि कोर्तेसचे निर्णय रद्द, जणू ते कधी घडलेच नव्हते.

९/ १० मेच्या रात्री माद्रिदमध्ये उदारमतवादी नेत्यांची धरपकड झाली. राजा कैदेत असताना ज्यांनी त्याच्या नावाने राज्य सांभाळले, तेच आता राजद्रोही ठरून तुरुंगात किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ठाण्यांत गेले. इन्क्विझिशन परत आले. चौकांतील घटनेचे फलक फोडले गेले, आणि फोडणाऱ्यांत सामान्य माणसेही होती.

१०/ पुढील सहा वर्षांत राजाने मंत्र्यांमागून मंत्री बदलले. पण रिकामी तिजोरी कोणालाच भरता आली नाही. अमेरिकेतील वसाहती हातातून सुटत होत्या आणि तिकडचे उत्पन्न आटत होते. फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात गुणांवर वर चढलेल्या अधिकाऱ्यांना डावलले जात होते. उठावांची मालिका सुरू झाली. १८१५ मध्ये पोर्लिए फासावर गेला. १८१७ मध्ये लासी याला गोळ्या घालण्यात आल्या.

११/ शेवटी जे सैन्य वसाहती परत जिंकण्यासाठी गोळा केले होते, तेच उलटले. कादिझच्या परिसरात हजारो सैनिक जहाजांची वाट पाहत तळ देऊन होते. रशियाकडून विकत घेतलेली जहाजे कुजकी निघाली. तळावर पीतज्वराची साथ आली. समुद्रापलीकडच्या हरत चाललेल्या युद्धात मरायला जायची कोणाचीच इच्छा नव्हती. १ जानेवारी १८२० रोजी लास काबेसास दे सान हुआन या गावी लेफ्टनंट कर्नल राफाएल देल रिएगो याने आपल्या पलटणीसमोर १८१२ ची घटना पुकारली.

१२/ लष्करी दृष्ट्या हा उठाव फसल्यातच जमा होता. सुमारे दीड हजार सैनिक घेऊन रिएगो आंदालुसियाभर फिरला. गावे त्याच्याविरुद्ध उठली नाहीत आणि त्याच्या बाजूनेही उठली नाहीत. पळून जाणारे आणि मागे पडणारे वजा जाता मार्चमध्ये त्याच्याजवळ पन्नास माणसेही उरली नव्हती. पण तोवर उत्तरेत ला कोरुन्याने घटनेचा झेंडा उभारला होता आणि एकामागून एक शहरे त्यात सामील होत होती. माद्रिदची शिबंदी भरवशाची नाही हे कळल्यावर ७ मार्चला राजा नमला.

१३/ या तऱ्हेच्या उठावाला स्पॅनिशमध्ये 'प्रोनुन्सियामिएन्तो' म्हणतात. एखाद्या अधिकाऱ्याने छावणीत जाहीरनामा वाचायचा आणि बाकीच्या छावण्या साथ देतील या आशेवर राहायचे, अशी ही रीत. रिएगोच्या यशाने तिला प्रतिष्ठा मिळाली. घटना परत आली, पण ती छावणीच्या दारातून. रिएगोच्या मोहिमेत गावांनी पाळलेले मौन मात्र विजयाच्या गडबडीत कोणाच्या फारसे ध्यानात राहिले नाही.

१४/ बाहेरच्या जगात या घटनेने खळबळ उडवली. जुलै १८२० मध्ये नेपल्सच्या क्रांतिकारकांनी स्पेनची घटनाच आपल्या राजाकडून मान्य करून घेतली. ऑगस्टमध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरात उठाव झाला. मार्च १८२१ मध्ये इटलीतील प्येमोंतमध्ये तोच प्रकार घडला. नेपल्समधील राजवट ऑस्ट्रियाने मोडल्याची वार्ता कोलकात्यात पोचली, तेव्हा राजा राममोहन रॉय यांनी त्याबद्दलचे तीव्र दुःख पत्रातून व्यक्त केले होते.

१५/ ही लाट पोर्तुगालमार्गे गोव्यालाही पोचली. १६ सप्टेंबर १८२१ रोजी पणजीत व्हाइसरॉय कोंदे दि रियु पार्दु याला पदच्युत करून हंगामी मंडळ नेमले गेले. 'गझेटा द गोवा' हे पत्र याच वर्षी निघाले. लिस्बनच्या कोर्तेससाठी निवडणूक होऊन बर्नार्डो पेरिस दा सिल्वा या गोमंतकीयासह प्रतिनिधी निवडले गेले. परंतु स्पेनप्रमाणे पोर्तुगालमधील घटनात्मक राजवटही १८२३ मध्येच कोसळली.

१६/ आता पुन्हा माद्रिद. तेथील कॅफे राजकीय सभागृहे बनले. 'लोरेन्सीनी' आणि 'फोंताना दे ओरो' येथे वक्ते टेबलांवर उभे राहून भाषणे करीत. वृत्तपत्रांचा सुळसुळाट झाला. नागरिकांचे सशस्त्र दल, म्हणजे राष्ट्रीय मिलिशिया, उभे राहिले. रिएगोच्या नावाचे संचलनगीत सर्वतोमुखी झाले. पाद्र्यांनी प्रवचनपीठावरून घटना समजावून सांगावी असा आदेश निघाला. अनेक पाद्र्यांनी तो दात-ओठ खात पाळला.

१७/ पण उदारमतवाद्यांत लवकरच फूट पडली. १८१२ च्या पिढीतील आर्ग्वेयेससारखे नेते तुरुंगातून थेट मंत्रिपदावर आले होते. राजा त्यांना 'कैद्यांचे मंत्रिमंडळ' म्हणे. या मवाळांना राजाशी जुळवून घेत शांतता हवी होती. १८२० चे तरुण जहाल क्रांती पुढे न्यायला उत्सुक होते. मवाळ सरकारने ऑगस्ट १८२० मध्ये रिएगोचे सैन्यच मोडून टाकले आणि त्याला माद्रिदबाहेर धाडले. ज्याने आपल्याला सत्तेवर आणले, त्याचीच सरकारला धास्ती वाटत होती.

१८/ राजाने शपथ घेतली ती मोडण्यासाठीच. नकाराधिकाराचा वापर करून तो कायदे अडवी आणि गुप्तपणे युरोपातील राजांकडे मदतीची याचना करी. घटनेने सर्व अंमलबजावणी ज्याच्या हाती दिली, तोच घटनेविरुद्धच्या कटांचा केंद्रबिंदू होता. या पेचावर ३८४ कलमांत उपाय नव्हता.

१९/ दुसरा पेच पैशाचा. राज्यावर कर्जाचा डोंगर होता आणि वसाहतींचे उत्पन्न जवळजवळ संपले होते. ऑक्टोबर १८२० मध्ये कोर्तेसने मठवासी संघ बंद करून त्यांच्या मालमत्तेचा लिलाव आरंभला. मोबदला सरकारी कर्जरोख्यांत देण्याची मुभा होती. बाजारात कवडीमोल झालेले रोखे ज्यांच्याजवळ होते, अशा व्यापाऱ्यांना आणि बड्या जमीनदारांना ही पर्वणीच ठरली.

२०/ मठाच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या खंडाने राबणाऱ्या कुळाकडे रोखे कोठून असणार? त्याच्या दृष्टीने फक्त मालक बदलला. जुना मालक सुस्त होता. दुष्काळात सूट देई, मठाच्या दारात भिक्षा घाली. नवा मालक हिशेबी होता आणि त्याने खंड वाढवला. मठाची लूट होत असल्याचे पाद्री सांगत, तेव्हा कुळाला त्यात स्वतःचे नुकसान दिसत होते.

२१/ दशमांशाची कहाणी अधिक बोलकी आहे. शेतकरी आपल्या पिकाचा दहावा हिस्सा चर्चला देत असे. १८२१ मध्ये कोर्तेसने तो निम्म्यावर आणला. कागदावर ही मोठीच सूट होती. पण तिच्या बदल्यात सरकारला कर हवा होता, आणि तोही रोख. दशमांश धान्यात देता येई. पीक कमी आले तर तोही कमी होई. रोख करासाठी धान्य बाजारात विकणे भाग होते, आणि त्याच वर्षांत धान्याचे भाव उतरत होते.

२२/ तिसरा प्रश्न जहागिरींचा. सरदारांचे न्यायदानाचे अधिकार १८११ मध्येच रद्द झाले होते. पण जमीन कोणाची? शेतकरी म्हणत, सरदाराने मूळ कागद दाखवावा, नाहीतर हक्क सोडावा. या अर्थाचा कायदा कोर्तेसने केला, तर राजाने तो दोनदा नाकारला. तिसऱ्या खेपेस, १८२३ मध्ये, तो अमलात आला तेव्हा फ्रेंच सैन्य देशात शिरले होते. शेतकऱ्याला घटनेशी बांधून ठेवू शकणारा कदाचित एकमेव कायदा असा हातातून निसटला.

२३/ या असंतोषावर राजनिष्ठांनी आपली फौज उभी केली. कातालोनिया आणि नावारा या प्रांतांत 'श्रद्धेचे सैन्य' नावाच्या टोळ्या फिरू लागल्या. 'एल त्रापेन्से' या टोपणनावाचा एक मठवासी हातात क्रूस घेऊन त्यांचे नेतृत्व करी. जून १८२२ मध्ये त्यांनी सेओ दे उर्हेल हे ठाणे घेतले आणि ऑगस्टमध्ये तेथे राजाच्या नावाने वेगळे सरकारच स्थापले. फ्रेंचांशी झुंजलेला गनिमी सेनानी एस्पोस इ मिना याने पुढे त्यांना सीमेपार हुसकावले.

२४/ जुलै १८२२ मध्ये राजाच्या पहारेकरी पलटणींनी माद्रिदमध्ये बंड केले. ७ जुलैला मिलिशियाच्या दुकानदारांनी, कारागिरांनी आणि विद्यार्थ्यांनी प्लासा मायोरमध्ये त्यांना परतवून लावले. घटनेसाठी लढणारी माणसे स्पेनमध्ये नव्हती असे म्हणता येत नाही. शहरांत ती होती आणि शौर्याने लढली. देश मात्र बहुतांशी खेड्यांत राहत होता.

२५/ १८२२ च्या अखेरीस व्हेरोना येथील परिषदेत युरोपातील सत्तांनी स्पेनचा विषय घेतला. ७ एप्रिल १८२३ रोजी 'संत लुईचे एक लाख पुत्र' म्हणून ओळखले गेलेले फ्रेंच सैन्य आंगुलेमच्या ड्यूकच्या नेतृत्वाखाली बिदासोआ नदी ओलांडून आत आले. हजारो स्पॅनिश राजनिष्ठ सोबत होते.

२६/ १८०८ मध्ये याच फ्रेंचांविरुद्ध खेडे न् खेडे पेटले होते. १८२३ मध्ये ते निवांतपणे माद्रिदपर्यंत चालत गेले. याची कारणे अगदी व्यवहारातली आहेत. १८०८ चे सैन्य लुटून खात होते. १८२३ च्या सैन्याने रसद रोख पैसे देऊन विकत घेतली. तेव्हा पाद्री प्रतिकाराची हाक देत होता; आता तो स्वागताची घंटा वाजवत होता. आणि रोख करासाठी तगादा लावणाऱ्या सरकारकरिता शेतकऱ्याने जीव द्यावा, असे त्याच्या पदरात काही पडलेले नव्हते.

२७/ सरकार राजाला घेऊन सेविलला गेले. तेथून कादिझला जाण्यास राजाने नकार दिला, तेव्हा ११ जून रोजी कोर्तेसने त्याला तात्पुरते बुद्धिभ्रष्ट ठरवून प्रवासापुरते प्रतिनिधिमंडळ नेमले. कादिझला पोचताच राजा पुन्हा शहाणा ठरला! ३१ ऑगस्टला त्रोकादेरोचा किल्ला पडला आणि घटनेच्या जन्मगावीच तिची नाकेबंदी पूर्ण झाली.

२८/ ३० सप्टेंबरला राजाने सर्वांना माफीचे वचन दिले आणि सुटका मिळवली. दुसऱ्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, ७ मार्च १८२० पासूनचा सारा कारभार रद्द केला. सूडसत्र इतके पेटले की त्याला आळा घालण्याचा प्रयत्न आंगुलेमच्या ड्यूकने ऑगस्टमध्येच करून पाहिला होता. ज्यांनी राजाला सोडवले, त्यांच्या सेनापतीलाच त्याच्या समर्थकांची लाज वाटावी, अशी ती स्थिती होती.

२९/ ७ नोव्हेंबर १८२३. गाढवाने ओढलेल्या टोपलीत घालून रिएगोला माद्रिदच्या प्लासा दे ला सेबादामध्ये फरफटत आणले आणि फासावर चढवले. उठाव हा त्याच्यावरील मुख्य आरोप नव्हताच. प्रतिनिधी या नात्याने सेविलमध्ये राजाला अक्षम ठरवण्याच्या बाजूने दिलेले मत हा त्याचा गुन्हा ठरला. तीन वर्षांपूर्वी ज्या शहराने त्याचे गाणे गायले होते, त्याच शहरात हे घडले.

३०/ पुढील दशकाला स्पेनमध्ये 'अशुभ दशक' म्हणतात. १८२५ मध्ये नेपोलियनच्या सैन्याला जेरीस आणणारा एल एम्पेसिनादो रोआ येथे फासावर गेला. १८२६ मध्ये वालेन्सियात कायेतानो रिपोल या शाळामास्तराला धर्मद्रोहाबद्दल फाशी झाली. १८३१ मध्ये ग्रानादात मारियाना पिनेदा या स्त्रीला एका ध्वजापायी मृत्युदंड मिळाला, आणि त्याच वर्षी मालागाच्या किनाऱ्यावर सेनापती तोर्रिखोस आणि त्याचे साथीदार गोळ्यांना बळी पडले.

३१/ आणि तरीही राजसत्तेला शेवटी उदारमतवाद्यांच्याच दारात यावे लागले. २९ सप्टेंबर १८३३ रोजी फर्नांदो मेला तेव्हा वारस होती तीन वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी इसाबेल. राजाचा भाऊ कार्लोस याने तिचा हक्क नाकारला. कट्टर राजनिष्ठ, विशेषतः उत्तरेतील बास्क आणि नावारी खेडी, त्याच्यामागे गेली. विधवा राणी मारिया क्रिस्तिना हिला मुलीचे सिंहासन राखायचे तर उदारमतवादी हाच एक आधार होता. सात वर्षांचे कार्लिस्ट युद्ध पेटले.

३२/ या युद्धाच्या खर्चासाठी १८३६ मध्ये मंत्री मेन्दिसाबाल याने मठांच्या जमिनींचा लिलाव पुन्हा आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर काढला. पुन्हा मोबदला रोख्यांत, पुन्हा खरेदीदार श्रीमंत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ला ग्रांखाच्या राजवाड्यात सार्जंटांनी बंड करून राणीकडून १८१२ ची घटना वदवून घेतली. छावणी आणि लिलाव ही १८२० ची दोन्ही साधने सोळा वर्षांनी जशीच्या तशी वापरात आली.

३३/ या वेळी उदारमतवादी जिंकले आणि टिकले, कारण जमिनी विकत घेतलेला एक धनिक वर्ग आता त्यांच्या बाजूने उभा होता. परंतु दक्षिणेतील बड्या जमीनदाऱ्या आणि त्यांवर राबणारे भूमिहीन मजूर हा प्रश्न तसाच राहिला. सत्तेचा निकाल छावणीत लावण्याची सवयही सुटली नाही. एकोणिसाव्या शतकातील स्पेनमध्ये सेनापतींची नावे वारंवार सरकारच्या प्रमुखपदी दिसतात, ती याच सवयीमुळे.

३४/ १९३१ मध्ये स्पेनमध्ये दुसरे प्रजासत्ताक आले, तेव्हा त्याने रिएगोचे संचलनगीत राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३२ मध्ये, त्या प्रजासत्ताकाला जमीन सुधारणेचा कायदा करावा लागला. १८२० च्या कोर्तेसने ज्या कुळाला लिलावाबाहेर उभे ठेवले होते, त्याची नातवंडे-पतवंडे एकशे दहा वर्षांनंतरही जमिनीच्या तुकड्याची वाट पाहत होती.

लेखनसीमा.